मनुकांचं पाणी

लेकीने पिशवीतून बाटली काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली, तेव्हा मुकादमीणबाईंच्या हातात सुपाचं पातेलं होतं. ते पडलं नाही हे नवलच म्हणायचं. पातेलं धरून त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. वाफ चष्म्यावर आली आणि समोरची बाटली, लेक आणि नवरा, सगळंच धुरकट झालं. चष्मा पुसायला हात मोकळा नव्हता, आणि खरं सांगायचं तर पुसायची इच्छाही नव्हती.

"रेड वाइन आहे," लेक म्हणाली. "बाबांसाठी. रोज संध्याकाळी एक छोटा प्याला आणि सोबत मूठभर काळ्या मनुका. हृदयाला बरं असतं. मापात घ्यायची मात्र हं, बाबा."

आणि तिने मनुकांचा डबाही बाटलीशेजारी ठेवून दिला.

बाईंचं खरं नाव काय, हे शेजारीपाजारी कधीच विसरून गेले होते. मनुका निवडायच्या शेडमध्ये त्यांचा जन्म गेला. आधी स्वतः निवडायच्या, मग निवडणाऱ्या बायकांवर मुकादम झाल्या. देठ राहिलेली मनुका, फुटकी मनुका, ओल धरलेली मनुका त्यांना लांबून दिसायची, आणि काम सोडून गप्पा मारणारी बाई त्याहून लांबून. शेड सुटली तरी मुकादमकी सुटली नाही. नवरासुद्धा त्यांना मुकादमीणच म्हणायचा. नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून तो सगळ्यांचा पेंटर. आता शिडीवर चढणं बंद झालं होतं, पण मागच्या पडवीत बसून ते लहानसहान पाट्या अजून करायचे, आणि हात असा की मनगट टेकवायला काठी न घेता एका दमात सरळ रेघ ओढावी.

लेक एका मोठ्या दवाखान्यात रोग्यांना आहार सांगायची. मुकादमाच्या पोटी मुकादमच आली होती. मध्यंतरी पेंटरांच्या छातीत कळ आली, चार दिवस दवाखान्यात काढावे लागले, आणि तेव्हापासून तिने आईबापांचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मीठ गेलं, तळण गेलं, साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. बाई कुरकुरल्या, पण आतून सुखावल्या. लेकीने आपल्याला धाकात ठेवावं यातही एक गोडी असते. आज मात्र लेकीने जे आणलं होतं त्याने त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे तू सगळ्यांनाच सांगतेस का गं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"छे! आधी विचारते ना. पहिला प्रश्न तोच असतो माझा, याआधी कधी प्यायची सवय होती का. ज्याला होती त्याला थेंबसुद्धा नाही. आणि ज्याने कधी घेतलीच नाही, त्यालाही मी एरवी सुरू कर म्हणत नाही. पण बाबांची जेवणावरची वासनाच उडालीय, थोडा आनंद नको का माणसाला?" लेक हसली. "आणि बाबांना काय विचारायचं! बाबांनी आयुष्यात चहापलीकडे काही चाखलंय का?"

पेंटर टेबलाच्या कडेवर वाळलेला रंगाचा ठिपका नखाने खरवडत होते. खरवडतच राहिले. मुकादमीणबाईंनी पातेलं खाली ठेवलं.

लेकीने बोलता बोलता डबा उघडून मूठभर मनुका तोंडात कोंबल्या. ही तिची जुनी खोड. जगाला सांगायची, घास सावकाश चावा, आणि स्वतः मनुका अशा खायची की कोणी हातातून हिसकावून नेतंय.

"अगं हळू!" सवयीने बाईंच्या तोंडून निघालं. "पाठीमागे कोण लागलंय तुझ्या?"

"कोणी नाही," भरल्या तोंडाने लेक म्हणाली. "तुझ्याच शेडचं पोर आहे मी. मनुका दिसली की सुचत नाही."

प्याला भरायला तिने बूच काढलं, तेव्हा पेंटर पहिल्यांदा बोलले. "आज नको. आज गोळी बदललीय. उद्यापासून." आणि ते उठून पडवीत ब्रश धुवायला गेले. ब्रश धुतलेलेच होते.

आता इथे मागचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पेंटर प्यायचे. थोडीथोडकी नव्हे, पडेपर्यंत प्यायचे. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मुकादमीणबाईंनी जे भोगलं ते त्यांनी माहेरीसुद्धा कळू दिलं नाही. हात कापायचा, पाटीवरची अक्षरं वाकडी व्हायची, ब्रश न धुता डब्यात पडून दगड व्हायचे. सकाळी तसे ब्रश दिसले की बाईंना कळायचं, रात्र कुठे गेली. मग एका संध्याकाळी पेंटर लेकीला खांद्यावर बसवून फिरायला म्हणून घेऊन गेले. पोर तेव्हा चार-पाच वर्षांची. परत आले ते एकटे. झिंगत आले आणि दारातच बसले. "पोर कुठाय?" बाईंनी विचारलं. त्यांनी मागे वळून पाहिलं, खांद्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "होती ना."

बाई अनवाणी धावल्या होत्या. पोर सापडली गुत्त्यात, पिंपांच्या मागे, एका पोत्यावर झोपलेली. सापडली, एवढंच. नसती सापडली तर काय, हा विचार इतक्या वर्षांत बाईंनी कधी शेवटपर्यंत जाऊ दिला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून पेंटरांनी सोडली. कशी सोडली ते बाईंनी पाहिलं होतं. अंगाला सुटलेला कापरा पाहिला होता, भिंतीवर आपटलेलं डोकं पाहिलं होतं. त्या दिवसांत त्यांनी बायकोकडे एकच गोष्ट मागितली. "हे तिला कधी सांगू नकोस. तिच्या डोळ्यांत मी माणूस राहू दे." बाईंनी शब्द दिला आणि पाळला. इतका पाळला की पुढे नवराबायकोतसुद्धा तो विषय निघाला नाही. दारू हा शब्दच त्या घरातून हद्दपार झाला. आणि आता त्याच घरात, त्याच पोरीने, बापाच्या प्रेमापोटी बाटली आणून ठेवली होती.

लेकीला सांगावं तर शब्द मोडतो. न सांगावं तर नवरा जातो. शेडमध्ये शंभर बायकांची भांडणं सोडवणाऱ्या मुकादमीणबाई रात्रभर कूस बदलत राहिल्या. पण सकाळी उठल्या त्या ठरवूनच.

पेंटर पडवीत बसल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि बाटली मोरीत उपडी केली. वास आला तसा पदर नाकाला लावला. बाटली विसळली नाही. थोडा वास राहिलेला बरा, लेकीचं नाक तिखट आहे. मग कोमट पाण्यात काळ्या मनुका चुरल्या. रंग उतरला, पण चव पाणचट लागली, म्हणून वरच्या फळीवरची साखर काढून चांगली दोन-तीन मुठी घातली. गाळून बाटलीत भरलं आणि रंग टिकावा म्हणून मूठभर मनुका अखंडच तळाशी सोडल्या. बाटली गडद काचेची, बाहेरून काय दिसतंय! शेवटी बूच ठोकून घट्ट बसवलं आणि वरून दोरा गुंडाळला, शेडमध्ये पेटीचं तोंड बांधायच्या तसा. मनुकांना हवा लागू द्यायची नाही, हे त्यांच्या हाताला जन्माचं वळण. ठेवायची कुठे? शेडचाच दुसरा नियम, कोरड्या उबेला. बाटली गेली गॅसच्या चुलीच्या वरच्या फळीवर.

संध्याकाळी लेक आली आणि समोर बसून राहिली. बाईंनीच प्याला भरला आणि नवऱ्यापुढे ठेवला. पेंटरांनी प्याल्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. त्या नजरेत इतकी भीती होती की बाईंना भडभडून आलं. त्यांनी अगदी जराशी मान हलवली. प्या. काही नाही त्यात. पेंटरांनी प्याला नाकाशी नेला, एक क्षण थांबले आणि औषधासारखा घटाघट पिऊन टाकला.

"बाबा, अहो, घोट घोट घ्यायची असते!" लेक म्हणाली.

"पुढच्या वेळी," पेंटर म्हणाले. आणि बायकोकडे पाहून त्यांनी मिशीतल्या मिशीत जे हसू आणलं, तसं हसू बाईंनी कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. एक शब्द न बोलता दोघांचं संगनमत झालं. त्या रात्री बाई गाढ झोपल्या.

पुढचे काही दिवस हे नाटक झकास चाललं. लेक दवाखान्यातून परतताना डोकवायची, बाप प्याला रिकामा करायचा, लेक खूश. घरात दुसरी बाटली येऊ नये म्हणून बाई ही बाटली संपूच देत नव्हत्या. दर दोन-तीन दिवसांनी पाणी वाढवायचं, साखर वाढवायची, नव्या मूठभर मनुका टाकायच्या, बूच ठोकायचं, दोरा बांधायचा. वास यायचा तो न विसळलेल्या बाटलीचाच, असं समजून त्या पदर नाकाला लावायच्या. "बाबा किती मापात घेतात बघ," लेक कौतुकाने म्हणायची. "बाटली हलायला तयार नाही." बाई तोंड फिरवून हसायच्या. आपण काय डोकं लढवलं, याचा त्यांना थोडा गर्वच झाला होता, आणि गर्वाला नजर लागायला वेळ लागत नाही.

एका संध्याकाळी पेंटरांनी प्याला एका दमात संपवला नाही. पहिला घोट तोंडात धरला आणि डोळे मिटले. बाईंना वाटलं, नाटक चांगलं वठवतायत.

दुसऱ्या दिवशी लेक यायच्या कितीतरी आधीच ते टेबलाशी येऊन बसले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी लेक आलीच नाही, तिला दवाखान्यात उशीर होणार होता. बघायला कोणी नाही म्हटल्यावर नाटकाची गरज नव्हती. बाईंनी बाटलीला हात लावला नाही. पेंटर येऊन बसले, रिकाम्या टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज नाही का?"

"लेक कुठाय आज?"

"नसू दे. दे थोडं. चव लागलीय."

बाईंनी दिलं. मनुकांचं तर पाणी, त्यात काय. पण प्याला संपल्यावर ते म्हणाले, "अजून थोडं," आणि त्या आवाजाने बाई दचकल्या. आवाज चढा नव्हता. उलट फार गोड होता. हा गोडवा त्यांच्या ओळखीचा होता.

रविवारी सकाळी त्या पडवीत केर काढायला गेल्या आणि केरसुणी हातातून गळून पडली. खिडकीत रंगाच्या डब्यात ब्रश उभे होते. न धुतलेले. त्यांनी एक उचलला. केस दगडासारखे कडक.

त्या खालीच बसल्या. इतक्या वर्षांत हे ब्रश एकदाही असे राहिले नव्हते. ताप असताना पेंटरांनी ब्रश धुतले होते. छातीत कळ आली त्या दिवशीसुद्धा आधी ब्रश धुतले आणि मग सांगितलं. म्हणजे माणूस बाहेरून आणतोय. आपण इथे पाण्याचं नाटक करतोय आणि हा आपल्या पाठीमागे खरी आणून पितोय! बाईंनी पडवी धुंडाळली. रंगाचे डबे उघडले, टर्पेंटाइनच्या बाटल्या हुंगल्या, चिंध्यांचं गाठोडं सोडलं. काहीच सापडलं नाही. न सापडल्याने त्यांना अधिकच भीती वाटली, कारण लपवण्यात पेंटर पूर्वीही पटाईत होते.

पेंटर दारात येऊन उभे राहिले. बायको चिंध्यांच्या ढिगात बसलेली, हातात कडक ब्रश.

"कुठे ठेवलीय?" बाईंनी विचारलं.

"काय?"

"मला विचारता काय? सांगा, कुठे ठेवलीय? कधीपासून सुरू केलीत?"

पेंटरांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी काही आणलं नाही," ते म्हणाले. "तू देतेस तेवढंच."

"खोटं बोलू नका हो! पोरीच्या गळ्याची शप..." बाईंना पुढे बोलवेना. हुंदका आला. "मी देते ते पाणी आहे. मनुकांचं पाणी! त्याने ब्रश असे होतात?"

पेंटर काहीतरी सांगायला पुढे झाले. तेवढ्यात पुढचं दार वाजलं आणि लेकीचा आवाज आला, "आई, जेवायला आलेय गं! भूक लागलीय!" बाईंनी पदराने तोंड पुसलं. चिंध्या कोपऱ्यात सारल्या. शब्द तो शब्द.

तिघं जेवायला बसली. लेक आठवड्याभरातल्या रोग्यांचे किस्से सांगत होती. बाईंना घास गिळत नव्हता. पेंटर ताटातली उकडलेली भाजी चमच्याने या टोकाकडून त्या टोकाकडे ढकलत होते. चुलीवर दुसरं पातेलं उकळत होतं, आणि वरच्या फळीवर उबेला, दोरा आवळून बांधलेली, ती बाटली उभी होती.

आधी कुठेतरी सूं असा बारीक आवाज आला. लेकीने विचारलं, "नळ चालू आहे का?" आणि पुढच्याच क्षणी धडाम्!

बूच छतावर आपटून दिव्यावर आदळलं. बाटली फळीवरून कोसळली, चुलीच्या कडेवर फुटली, आणि लालकाळं पाणी फेसाळत भिंतीवर, पडद्यावर, पातेल्यात, बाईंच्या पांढऱ्या केसांत. लेक किंचाळून टेबलाखाली गेली. तिला वाटलं, सिलिंडर उडाला. पेंटर मात्र खुर्चीतून हलले नाहीत. फुगून टम्म झालेली एक मनुका त्यांच्या ताटात येऊन पडली होती, आणि ते तिच्याकडे टक लावून पाहत होते.

आणि वास. सगळ्या घरात तोच वास पसरला. गुत्त्याचा.

लेक टेबलाखालून बाहेर आली. तिने भिंतीला बोट लावून हुंगलं, जमिनीवरची एक मनुका उचलून चिमटीत दाबली. "आई," ती म्हणाली, "वाइनमध्ये मनुका कुठून आल्या?"

बाई पदराने केस पुसायला लागल्या.

"आई, मी आणलेली बाटली कुठाय?"

"ओतून दिली," बाई कशाबशा म्हणाल्या. "हे... हे मनुकांचं पाणी आहे. साधं पाणी!"

"साखर घातलीस?"

"थोडी."

"बूच घट्ट? आणि उबेला, चुलीवर? किती दिवस?" लेकीने आ वासला, मग एकदम फुटल्यासारखी हसत सुटली. "अगं आई! घरच्या घरी दारू केलीस तू! मनुका, साखर, ऊब, आणखी काय लागतं? आंबलं ते सगळं!"

 जन्मभर मुकादमीणबाईंनी मनुका कोरड्या राखल्या होत्या. ओल धरलेला ढीग दिसला की त्याच क्षणी बाहेर फेकायचा, हा त्यांचाच हुकूम. त्यामुळे फेकला नाही तर त्याचं पुढे काय होतं, हे शेडमध्ये कोणी पाहिलंच नव्हतं. त्यांनी तर नाहीच नाही. म्हणजे नवऱ्याने बाहेरून काहीच आणलं नव्हतं. आपल्या हाताने बूच ठोकून, आपल्या हाताने प्याला भरून, आपणच रोज संध्याकाळी त्यांच्यापुढे ठेवत होतो. आणि मघाशी पडवीत पोरीच्या गळ्याची शपथ घालायला निघालो होतो.

"हसू नकोस," त्या पुटपुटल्या. लेकीला ऐकूच गेलं नाही. डोळ्यांतलं पाणी पुसत ती म्हणाली, "पण कशासाठी? मी एवढी चांगली वाइन आणली, ती मोरीत ओतून हे कशाला?"

"तुझ्या आईला काही विचारू नकोस," पेंटर म्हणाले.

"अहो!" बाई ओरडल्याच. "काही बोलू नका. मी शब्द दिलाय."

"तू दिलास. मी नाही दिला." पेंटरांनी ताटातली मनुका उचलून बाजूला ठेवली आणि लेकीकडे पाहिलं. "मी दारुडा आहे. तू लहान होतीस तेव्हा प्यायचो. मग सोडली. हिला ठाऊक होतं, म्हणून हिने ओतून दिली."

लेकीचं हसू ओठांवर तसंच राहिलं, काय करावं ते न कळल्यासारखं. तिने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली.

"गंमत बघ," पेंटर म्हणाले, पण त्यांच्या आवाजात गंमत औषधालाही नव्हती. "ज्या दिवशी ते पाणी फिरलं, त्याच दिवशी मला पहिल्या घोटाला कळलं. हिला नाही कळलं, तुला नाही कळलं, मला कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशीही कळलं. तिसऱ्या दिवशी मी दुपारपासून घड्याळ बघत होतो. काल ब्रश धुवायचे राहिले. राहिले नाहीत, मी ठेवले तसे. धुवायलाही थांबवेना, बाटली इथे होती ना." त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. ज्या हातांनी एका दमात रेघ ओढायची, ते हात कापत होते. "मला भीती वाटतेय गं. मागे लपवून जमलं. आता लपवून जमायचं नाही."

लेक खुर्चीत बसली. भिंतीवरून पाणी टिपकत होतं. "मी सगळ्यांना विचारते," ती म्हणाली. "अनोळखी माणसांना विचारते. तुम्हाला नाही विचारलं."

"विचारलं असतंस तरी मी खोटं बोललो असतो," पेंटर म्हणाले. आणि मग जे बायकोलाही पुन्हा कधी ऐकवलं नव्हतं ते त्यांनी सांगून टाकलं. "एकदा मी तुला खांद्यावर बसवून गुत्त्यात घेऊन गेलो होतो. आणि तुला तिथेच विसरून घरी आलो."

बाईंनी डोळे मिटून घेतले. आता आभाळ कोसळणार, असं त्यांना वाटलं. इतकी वर्षं त्यांनी हेच आभाळ डोक्यावर तोलून धरलं होतं.

"पिंपं होती तिथे," लेक हळूच म्हणाली.

बाईंनी डोळे उघडले.

"मोठी मोठी पिंपं. आणि एक मिशीवाले काका. त्यांनी मला वाटीभर मनुका दिल्या होत्या." लेक बापाकडे पाहत नव्हती, त्या टम्म मनुकेकडे पाहत होती. "मला वाटायचं, तुमच्या कुठल्यातरी मित्राचं दुकान असेल. तुम्ही म्हणालात, या संपव, मग आपण घरी जाऊ. मी एक एक खात बसले होते. एकेक मनुका, चोखून चोखून. मग वर पाहिलं तर तुम्ही नव्हतात."

"तुला आठवतंय?" बाईंनी विचारलं. "तू कधी बोलली नाहीस!"

"काय बोलणार? मला वाटलं, माझीच चूक." लेकीने खांदे उडवले. "मी खायला फार वेळ लावला, म्हणून बाबा कंटाळून निघून गेले."

 भरल्या तोंडाने मनुका कोंबणारी पोर मुकादमीणबाईंच्या डोळ्यांपुढे आली. शाळेच्या डब्याशी, लग्नाच्या पंगतीत, परवा याच टेबलाशी. पाठीमागे कोण लागलंय तुझ्या, असं त्यांनी किती वेळा हसत विचारलं होतं! जे पोरीला कळू नये म्हणून त्यांनी जिभेला गाठ मारली, ते पोर सगळा जन्म अंगावर वागवत होती, आणि तेही उलटं, स्वतःच्या माथी मारून घेतलेलं. राखलं काय आपण? कोणाचं?

पेंटर उठले. भिंतीला धरून, लालकाळ्या पाण्यातून पाय टाकत ते कपाटाकडे गेले आणि मनुकांचा डबा घेऊन आले. झाकण उघडताना चार मनुका सांडल्या. त्यांनी वाटीत मूठभर कोरड्या मनुका घेतल्या, वाटी लेकीपुढे ठेवली, आणि आपली खुर्ची ओढून तिच्या अगदी शेजारी आणली.

लेकीने एक मनुका उचलली. मग सवयीने हात पुन्हा वाटीकडे वळला, मुठीसाठी.

पेंटरांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"सावकाश खा," ते म्हणाले. "मी बसलोय."